पोटात काही राहत नाही

कुणी कुणाच्या बंगल्याचा हेवा करतं, कुणी पगाराचा, कुणी डोक्यावरच्या दाट केसांचा. मी माझ्या साडूंच्या मूत्राशयाचा हेवा करत होतो. हे वाक्य लिहायला मला किती धीर गोळा करावा लागला, ते तुम्हाला कळायचं नाही. बंगल्याचा हेवा चारचौघांत बोलून दाखवता येतो, ऐकणारे माना तरी डोलावतात. मूत्राशयाचा हेवा माणसाला एकट्यालाच करावा लागतो आणि तोही बहुतेक वेळा दाराला आतून कडी लावून.

साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेव्हणीचे यजमान. मोठ्या कंपनीत मोठे साहेब आहेत, पण त्याचं मला काही वाटत नाही. मोठे साहेब पुष्कळ असतात. माझं दुखणं वेगळंच होतं. हे गृहस्थ एकदा बसले की बसले. सिनेमा असो, मीटिंग असो, लांबचा प्रवास असो, पाण्याच्या बाटल्या रिचवत राहतात आणि जागचे हलत नाहीत. सासूबाई याला ‘बैठक’ म्हणतात. “धाकट्या जावयांची बैठक पक्की आहे हो,” असं त्या कौतुकाने सांगतात आणि मग माझ्याकडे बघून काहीच बोलत नाहीत. त्या न बोलण्यावर मी एक पुस्तक लिहू शकेन, फक्त ते सलग बसून लिहिता आलं पाहिजे.

माझं सगळं उलटं. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात आहे. यावर जो विनोद तुमच्या मनात आला, तो आमच्या कचेरीत फार पूर्वीच येऊन गेला आहे, तेव्हा तो मी पुन्हा करत नाही. घोटभर चहा घेतला की मला जावं लागतं. नळाचा आवाज ऐकला की जावं लागतं. घरी परतताना कुलपात किल्ली घातली की असं काही लागतं की बायको आतून दार उघडून बाजूलाच उभी राहते, रेल्वेच्या फाटकवाल्यासारखी. साडू शाळेपासून सगळ्यात एक नंबर. मी सगळीकडे एक नंबरला.

बायकोच्या मते माझ्या पोटात काही राहत नाही. ती हे दोन्ही अर्थांनी म्हणते. तिने मला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत जिन्यातल्या सगळ्यांना माहीत झालेली असते, हे खरं आहे. पण दोन्ही तक्रारी एकाच वाक्यात उरकण्याची तिची काटकसर मला कधी आवडली नाही.

तर सासऱ्यांचा सत्कार ठरला. सासरे म्हणजे नावाजलेले हेडमास्तर. घरीदारी सगळे त्यांना सरच म्हणतात, सासूबाईसुद्धा. त्यांचा शाळेतला एक नियम गावभर प्रसिद्ध होता. तास संपल्याशिवाय कोणी उठायचं नाही. वर्गात एखाद्या पोराने करंगळी वर केली की सर शांतपणे म्हणत, “मधल्या सुट्टीत काय करत होतास?” त्या एका प्रश्नावर म्हणे कित्येक पिढ्या घडल्या. आता त्या पिढ्यांनी मिळून मोठं सभागृह घेतलं होतं आणि व्यासपीठावर एक खुर्ची घरच्या माणसासाठी राखून ठेवली होती. त्या माणसाने कुटुंबातर्फे भाषण करायचं होतं. मी थोरला जावई, म्हणजे खुर्ची उघडच माझी. मी भाषण लिहायला घेतलं. त्यात तीन ठिकाणी हशा होता आणि शेवटी डोळ्यांत पाणी.

मग सासूबाईंचा फोन आला. बायको बराच वेळ नुसतं हं हं करत होती. फोन ठेवून ती माझ्यासमोर येऊन बसली, टेबलावरची नसलेली धूळ पुसली आणि म्हणाली, “अहो, आई म्हणतेय की भाषण धाकट्यांना करू दे.”

“का?”

“तुम्ही मध्येच उठलात तर बरं दिसणार नाही. सरांच्या सत्काराला, व्यासपीठावरून.”

मला लागलं. म्हणजे मनाला. दुसरंही लागलंच होतं, पण ते नेहमीचंच. आत जाऊन आल्यावर मी तिला जाहीरपणे सांगितलं की सत्काराच्या दिवशी मी पहिल्या शब्दापासून आभारप्रदर्शनापर्यंत जागचा हलणार नाही, आणि खुर्ची कोणाची ते तेव्हा बघू. ती हसली नाही, याबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे.

संध्याकाळी ही प्रतिज्ञा जिन्यात सगळ्यांना माहीत झाली. कशी, ते वर आलंच आहे. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, पाणी बंद करा, मुळात आवकच नसेल तर जावक कुठून होणार? (पाहा, आलाच तो विनोद.) समोरच्या दारातल्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, उलट भरपूर पाणी प्या, टाकी मोठी होते, त्यांच्या भावाची झाली. तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, पट्टा सैल करा. त्याच्या बायकोने घट्ट करायला सांगितलं. मी सगळ्यांचंच ऐकलं. सकाळी पाणी बंद ठेवलं, दुपारी भरपूर प्यायलो, पट्टा कधी सैल तर कधी घट्ट केला आणि शेवटी कचेरीत जावक शिक्का हातात घेऊनच पळत सुटलो. साहेबांनी मला बोलावून विचारलं की शिक्का कुठे नेला होता. एखाद्या माणसाची अब्रू किती लहान वस्तूत मावू शकते, ते त्या दिवशी मला समजलं.

मग मात्र मी सरळ इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी कागदावर एक फुगा काढला आणि सांगितलं की मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी. भरत असताना तिने सैल पडून राहायचं आणि मेंदूने सांगितलं की मगच आकसायचं. माझ्या पिशवीच्या भिंतीतल्या काही स्नायूपेशी हुकमाची वाटच पाहत नव्हत्या. मनाला येईल तेव्हा चुळबूळ करायच्या. एकीने चुळबूळ केली की शेजारचीला तिची लागण, तिच्यामुळे पलीकडचीला, आणि बघता बघता पिशवी अर्धीसुद्धा भरलेली नसताना मला वाटायचं की आता माझं काही खरं नाही.

मला ते ताबडतोब पटलं. आमच्या कचेरीत संध्याकाळी हेच होतं. साहेबांनी अजून पेन खाली ठेवलेलं नसतं, तेवढ्यात कोपऱ्यातला एकजण डब्याची पिशवी आवरतो. तो आवाज ऐकून शेजारचा खुर्ची मागे सारतो आणि साहेब मान वर करतात तेव्हा खोलीत फक्त पंखा असतो. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं की सगळ्यांच्याच पेशी अशा असतात का. त्या म्हणाल्या, नाही, बहुतेकांच्या शिस्तीत असतात. माझ्या डोळ्यांसमोर साडूंच्या पेशी आल्या. ओळीत बसलेल्या, हाताची घडी, तोंडावर बोट.

उपाय होता. गोळ्या होत्या, सराव होता. लागली की लगेच धावायचं नाही, थोडं थांबायचं, उद्या त्याहून थोडं जास्त. पण आधी एक चाचणी करायची, धार किती जोरात आणि किती वेळ चालते ते मोजायचं. त्यासाठी मूत्राशय भरलेला हवा. दिलेल्या दिवशी मी पोस्टमास्तरांकडे दुर्लक्ष करून शिक्षिकाबाईंच्या पद्धतीने इस्पितळात पोचलो आणि खिडकीसमोरच्या रांगेत एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा राहिलो.

खिडकीतल्या बाईंनी वर न बघता विचारलं, “भरलाय का?”

“हो,” मी म्हणालो.

“पूर्ण?”

“काठोकाठ.”

“दाखवा.”

मी आयुष्यात इतका अवाक कधी झालो नव्हतो. मागच्या माणसाने माझ्या हातातल्या कोऱ्या अर्जाकडे बोट दाखवलं तेव्हा उलगडा झाला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “हा तर अगदीच रिकामा आहे. जा, भरून आणा.” मी बाकावर बसून अर्ज भरू लागलो. अर्जात आजोबांच्या विकारांसाठीसुद्धा रकाना होता. तो भरता भरता पेशींनी चुळबूळ सुरू केली, आणि शेवटच्या सहीच्या वेळी माझा नाइलाज झाला. जाऊन आलो, पुन्हा रांगेत उभा राहिलो, अर्जावर शिक्का घेतला (शिक्का नीट उमटला नव्हता, पण मी व्यावसायिक सभ्यता म्हणून गप्प बसलो) आणि चाचणीच्या खोलीपाशी गेलो. तिथल्या माणसाने विचारलं, “भरलाय ना?” मी अभिमानाने अर्ज पुढे केला.

“अर्ज नव्हे,” तो म्हणाला.

त्याने मला पाण्याच्या यंत्राकडे पाठवलं आणि सांगितलं की मूत्राशय भरला की हाक मारा. मी पेला घेऊन बाकांच्या रांगेत जागा शोधू लागलो. कोपऱ्यात एक गृहस्थ वर्तमानपत्र अगदी तोंडासमोर धरून बसले होते. पायाशी रिकाम्या बाटल्या होत्या. बूट फार चकचकीत होते, आणि ते बूट मी ओळखत होतो. गेली कित्येक वर्षं सासुरवाडीच्या दारात माझ्या चपलांशेजारी ते तसेच चकाकत होते.

“साडूभाऊ?” मी म्हणालो.

वर्तमानपत्र सावकाश खाली आलं. साडू माझ्याकडे बघून कसंनुसं हसले. मी विचारलं, तुम्ही इथे कसे? ते म्हणाले, असंच, जरा. मूत्रविकाराच्या विभागात माणूस असंच, जरा, येत नसतो, पण मी ते बोललो नाही. शेजारी बसलो. थोड्या वेळाने त्यांनीच सांगितलं. त्यांच्या स्नायूंमध्ये जोरच उरला नव्हता. पिशवी भरते, पण आकसतच नाही. लागल्याचं नीट कळत नाही, आणि गेलं की उभं राहावं लागतं. कंपनीतली माणसं हात धुऊन निघून जातात, दुसरी येतात, तीही जातात, साहेब आपले भिंतीकडे तोंड करून उभे. मग पुढच्या वेळी जायचीच लाज वाटते. जिला सासूबाई बैठक म्हणायच्या ती ही.

तेवढ्यात माझ्या पेशींनी हाक दिली आणि मी उठलो. चाचणी म्हणजे एका नरसाळ्यात कार्यक्रम उरकायचा, खाली यंत्र कागदावर रेघ काढतं. माझी रेघ सरळ वर गेली, खाली आली आणि संपली. तिथला माणूस नुसता “झालं?” म्हणाला. नंतर साडू आत गेले, आणि बराच वेळ आतून फक्त नळ सोडल्याचा आवाज येत राहिला. मला त्या आवाजाने पुन्हा जावं लागलं. परत आलो तरी साडू आतच.

एवढ्यावर माझं समाधान व्हायला हवं होतं की नाही? झालंही होतं. पण डॉक्टरीणबाईंनी साडूंचा कागद हातात घेतला, चष्मा काढला, परत लावला आणि शिकाऊ डॉक्टरांचा अख्खा घोळका बोलावला. ती लांबलचक सपाट रेघ सगळ्यांनी पाळीपाळीने पाहिली. अशी केस फारशी बघायला मिळत नाही, असं त्या म्हणाल्या. माझा कागद टेबलाच्या कडेला पडला होता, कोणीतरी त्यावर चहाचा कप ठेवला. मला होतं ते साधं, कोणालाही होणारं. दुखण्यातसुद्धा हा माणूस एक नंबर. मी जळून कोळसा झालो.

बाहेर आल्यावर साडूंनी माझा दंड धरला. “घरी काही बोलू नका,” ते म्हणाले. मग थांबून, खाली बघत, “खरं सांगू? मघाशी तुम्ही आत गेलात आणि लगेच बाहेर आलात ना, मला तुमचा हेवा वाटला.”

हे वाक्य मी किती वेळा मनात घोळवलं त्याला हिशेब नाही. जगात माझा हेवा करणारा एक माणूस होता आणि तो नेमका साडू होता. आणि हे मला कोणालाही सांगता येत नव्हतं. घरी गेलो तर बायको म्हणाली, भाषण धाकट्यांकडेच गेलं, आईने ठरवून टाकलं, आणि तुमचं लिहिलेलं मी त्यांना पाठवून दिलंय, वाया कशाला घालवायचं? माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यांच्या बैठकीचं गुपित एकदा बाहेर काढलं असतं, की खुर्ची, भाषण, सासूबाईंचं कौतुक, सगळं एका वाक्यात माझ्याकडे आलं असतं. पण मग तो हेवाही गेला असता. मी दात आवळले. गोळ्या घेत राहिलो, सराव करत राहिलो, लागली की थोडं थांबत राहिलो. सांगावंसं वाटलं की त्याहून जास्त थांबलो.

सत्काराच्या दिवशी मी सवयीने सभागृहात लवकर पोचून पाहणी केली. स्वच्छतागृह व्यासपीठाच्या मागे, डाव्या हाताला, दार अडकतं, जरा उचलून ढकलायचं. मग व्यासपीठाजवळची कडेची खुर्ची धरली. बायकोने एकदा काळजीने पाहिलं. पण खरोखर, आत शांतता होती. गोळ्यांनी म्हणा, सरावाने म्हणा, पेशी हाताची घडी घालून बसल्या होत्या. माजी विद्यार्थी बोलले, पाहुणे बोलले, माझ्या आत कुणी हू का चू केलं नाही. मी बसलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी साडूंसारखा बसलो होतो आणि ते बघायला कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं.

मग साडू उठले आणि माझं भाषण करू लागले. पहिला हशा आला. तो माझा होता. दुसरा आला, तोही माझाच. वक्त्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं आणि नजर सरांकडे वळवली. मी जळत नसतो तर मलाही दिसलं नसतं.

मांडीवर फुलांचा गुच्छ घेऊन सर ताठ बसले होते. चेहरा नेहमीसारखाच कडक, पण कपाळावर घाम होता. खुर्चीच्या हातावर त्यांचा हात होता आणि त्या हाताची करंगळी वर आली होती. ते माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली तशी करंगळी खाली गेली, आणि लगेच पुन्हा वर आली.

साडू नेमके त्याच नियमावर आले होते. तास संपल्याशिवाय कोणी उठायचं नाही, ते म्हणाले, सरांनी आपल्याला काही शिकवलं असेल तर बसायला शिकवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांमधून सर उठून आत गेले असते तर जन्मभराची कमाई तिथेच संपली असती, आणि बसून राहिले असते तर त्याहून वाईट झालं असतं. साडूंचं अजून अर्धं भाषण बाकी होतं. मला माहीत होतं, मीच लिहिलं होतं.

मी उठलो. बायकोने माझा सदरा ओढला, तो सुटला. व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी जाऊन, सगळ्या सभागृहाला दिसेल अशी मी करंगळी वर केली आणि मोठ्याने म्हणालो, “सर, जाऊ?”

साडूंचा आवाज बंद पडला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. सर हळूच उभे राहिले, गुच्छ खुर्चीवर ठेवला आणि त्यांच्या त्या जुन्या, वर्गातल्या आवाजात म्हणाले, “चल, मीच येतो बरोबर. तुला एकट्याला सोडलं की तू तास संपेपर्यंत परत येत नाहीस.”

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. टाळ्या वाजल्या, त्या सरांना. आम्ही मागे गेलो, मी दार उचलून ढकललं, आणि वळून पाहिलं तर तिसऱ्या रांगेतला एक टक्कल पडलेला विद्यार्थी चुळबुळत उठत होता. त्याच्या शेजारचा उठला, मग पलीकडचा, आणि मग ओळीच्या ओळी. साडू माझा कागद हातात घेऊन माईकसमोर उभे होते.

सर आत गेले. मी दार धरून उभा राहिलो. बाहेर आल्यावर त्यांनी खूप वेळ हात धुतले. “किती पोरांना बसवून ठेवलं मी,” ते नळाकडे बघत म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “तुम्हाला नाही जायचं?”

“मला लागलेली नाही,” मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. ओल्या हाताने त्यांनी माझा खांदा दाबला. “हे पोटात ठेवा,” एवढंच बोलले आणि पुन्हा ताठ होऊन व्यासपीठाकडे निघाले.

सरांना त्यांचे विद्यार्थी आधीच घरी घेऊन गेले होते, परतीला आम्ही साडूंच्या गाडीत होतो. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या, मेव्हणी हसू दाबत होती. बायकोचा आवाज रडवेला झाला होता. एवढ्या गोळ्या, एवढा सराव, म्हणाली, आणि शेवटी सरांच्या सत्कारातच उठलात, तेही सगळ्यांदेखत. तुमच्या ना, पोटात काही राहतच नाही.

माझ्या पोटात त्या वेळी दोन माणसं होती, एक समोर गाडी चालवत होता आणि एक घरी पोचून गुच्छ पाण्यात ठेवत असेल. मी म्हणालो, काय करणार, लागली.

गाडी थोडी पुढे गेली आणि हळू झाली. साडूंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला जायचं असेल ना?” त्यांनी विचारलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. असा घाम मी त्या दिवशी आधी एकदा पाहिला होता.

“हो,” मी म्हणालो. “थांबवा जरा.”

“पुन्हा?” सासूबाई म्हणाल्या.

सोबत म्हणून साडूही उतरले. रस्त्याकडेच्या भिंतीपाशी आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो. आलोच आहोत तर म्हणून मीही उरकून घेतलं आणि मग त्यांच्यासाठी तसाच थांबलो. मागे गाडीत कोणीतरी हॉर्न वाजवला.

“तुमचं झालं?” साडूंनी भिंतीकडे बघत विचारलं.

“कधीच,” मी म्हणालो.

त्यांनी एक उसासा सोडला. तो मी घरापर्यंत जपून नेला.